रविवारची मळमळ

६ मे, शनिवार
डॉक्टरबाईंनी सांगितलंय, औषधाचा काय त्रास होतो ते लिहून ठेवा. लिहीन. त्यांना दाखवणार मात्र नाही.

सोरायसिसवर डांबराचं मलम लावून झालं. उशी काळी, अंगाला नव्या रस्त्याचा वास. मग स्टेरॉइडचं. कातडी कागदासारखी पातळ. आता गोळी. आठवड्यातून एकच, शनिवारी रात्री. रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं बाईंनी दोनदोनदा बजावलं. बाकीच्या दिवशी व्हिटॅमिन. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या, जुळ्या बहिणीच. पण मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माझ्या हातून गफलत होणे नाही.

७ मे, रविवार
मळमळ. बादली उशाशी. ही पोहण्याच्या क्लासला गेली नाही. पन्नाशीत पाण्याची भीती घालवायला निघालीये. गेल्याच रविवारी कठडा सोडून तरंगली होती. जा म्हटलं. म्हणाली, तुम्हाला असं टाकून कशी जाऊ. लिंबूपाणी, मऊ भात, कपाळावर ओला रुमाल. भाजी तिनेच आणली, पंखेही तिनेच पुसले (माझी पाळी होती). फार अपराधी वाटलं. पुढच्या रविवारी तिला क्लासला पाठवायचंच.

१३ मे, शनिवार
एक विचार सुचला. गोळी घेतली नाही तर मळमळ नाही. मळमळ नाही तर ही क्लासला जाईल. म्हणजे हा त्याग तिच्यासाठीच. गोळ्यांच्या पट्टीतून एक काढली, कारण पट्टीतली जागा रिकामी झाली का ते ही बघते. फेकवेना, एवढं महागाचं औषध. व्हिटॅमिनच्या बाटलीत टाकली. गोळीच नाही तर व्हिटॅमिन कशाला? तेही बंद. एकदा त्वचेलाही विश्रांती हवी. पुढच्या आठवड्यापासून नियमित.

१४ मे, रविवार
घोळ झाला. मी उठायच्या आतच हिने क्लासला येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं. लिंबूपाणी तयार. एवढं सगळं केल्यावर मी ठणठणीत आहे म्हणणं बरं दिसलं नसतं. थोडा कण्हलो. तिचं मन राखलं. दुपारी मॅच, आवाज बंद करून.

२१ मे, रविवार
कालचीही बाटलीत. मळमळ छान जमली. हिने पाठ चोळून दिली. चोळता चोळता म्हणाली, क्लासमधल्या सगळ्याजणी आता तलावाची रुंदी पार करतात. जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला नाही. म्हणजे मागितला, पण उशिरा. शनिवारी सगळं सांगून टाकणार. ठरलं.

२५ मे, गुरुवार
कारखान्यात एका सप्लायरला झाप झाप झापलं. खोक्यावर लेबल एक, आत वॉशर भलतेच. म्हटलं, अशाने उद्या पंप फुटून कुणाचा जीव जाईल, लाज कशी वाटत नाही. सगळा माल परत. नंतर जेवताना उगाच छातीत धडधडलं. ॲसिडिटी असावी.

२७ मे, शनिवार
सांगितलं नाही. ही आज खुशीत होती, तिचा मूड कशाला घालवा. गोळी बाटलीत.

३ जून, शनिवार
डॉक्टरबाईंकडे. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, लिव्हर इतकं चांगलं की गोळी पोटात गेली असं वाटतच नाही. जरा अभिमान वाटला. आमच्या घराण्यात सगळ्यांचं लिव्हर दणकट. चट्टे मात्र परत आलेत. कोपरं, पाठ, डोकं. गडद शर्ट घालायची सोय नाही, खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं. बाई म्हणाल्या, डोस दुप्पट करू. ही म्हणाली, आत्ताच यांना रविवारी उठवत नाही हो. तिच्या डोळ्यांत पाणी. मी पायाखालच्या फरशीकडे बघत बसलो. तिथेच सांगणार होतो, पण बाहेर पेशंट ताटकळत होते.
रात्री दोन गोळ्या बाटलीत.

८ जून, गुरुवार


संध्याकाळी घरी आलो. ही ओट्याशी उभी. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या तळहातावर पिवळी गोळी. म्हणाली, माझं रक्त कमी निघालंय, हेच व्हिटॅमिन रोज घ्यायला सांगितलंय, नवी बाटली कशाला आणायची, तुमच्यातलीच घेते आजपासून.

मी तिच्या हातावर फटका मारला. गोळी उडाली, ग्लास फुटला. मग सगळं सांगितलं, बूटही न काढता. तिने बाटली कागदावर उपडी केली. सगळ्या पिवळ्या. यातल्या तुमच्या कुठल्या, असं विचारलं. मला ओळखता येईनात.

ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून काचा वेचल्या. मी वेचायला वाकलो तर म्हणाली, राहू द्या, तुम्हाला मळमळेल. मग विचारलं, आणि पाठसुद्धा चोळायला लावलीत?

उद्या ती आजारी पडली असती, कदाचित वाचलीही नसती, आणि मी कण्हत लिंबूपाणी मागितलं असतं.

१० जून, शनिवार
नव्या पट्टीतल्या दोन्ही गोळ्या तिच्यासमोर घेतल्या. तिने आ करायला लावला, जीभ वर करून बघितलं.

११ जून, रविवार
मळमळ. खरी. दुप्पट.

ही सकाळीच पोहण्याची बॅग घेऊन गेली. जाताना काही विचारलं नाही. बादली मीच आणली. लिंबू आपल्या घरात कुठे ठेवतात ते सापडलं नाही.

दुपारी आली, केस ओले, चेहरा कधी नव्हे इतका उजळलेला. दारातूनच सांगितलं, रुंदी पार केली, एकदाही कठडा न धरता. मला इतका आनंद झाला की उठून बसलो. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं आणि मोठी उबळ आली. बादलीवर वाकून राहिलो. पोटात काहीच नव्हतं, त्यामुळे नुसता आवाज.

तिने टॉवेल वाळत घातला. म्हणाली, आधीपेक्षा छान जमतंय.