कोपऱ्यातल्या वर्गाची हवा

सोमवार, ३

नवी नोकरी, नवं गाव आणि ताईच्या घरात हक्काची खोली! आणखी काय हवं? शाळेनं मला वर्गांतली हवा तपासायला नेमलंय. कोंडलेल्या खोलीत मुलांच्याच उच्छ्वासानं हवा जड होते आणि मीटरवरचा आकडा चढतो. खिडक्या उघडल्या की तो उतरतो. इतकं साधं काम. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा पाजला, तोंड भरून कौतुक केलं. भाची याच शाळेत तिसरीत आहे. मावशी शाळेत येणार म्हणून कालपासून नुसती नाचतेय.

बुधवार, ५

सगळे मीटर बसवले. सगळीकडचे आकडे शहाण्यासारखे वागताहेत, एक कोपऱ्यातला वर्ग सोडून. तो बंद असतो. रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात. त्या रिकाम्या खोलीत आकडा असा चढलाय, जणू खच्चून भरलेला वर्ग दिवसभर आत बसलाय. मीटर बदलून पाहिला. नवाही तेच सांगतो.

शुक्रवार, ७

बाईंना विचारलं. गेल्या वर्षी त्या वर्गात एक मुलगी बाकावरच गेली. दमा होता, मुळातच नाजूक होती, असं बाई म्हणाल्या. ती काही बोलली नव्हती का, मी विचारलं. खिडकी उघडा म्हणत होती, पण मुलं काय, दिवसभर काही ना काही मागतच असतात!

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन जेवलेच नाही.

सोमवार, १०

जागा कमी पडते म्हणून तिसरीचा वर्ग त्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलाय. मला न विचारता. माझ्या भाचीचा वर्ग! फळ्या काढा म्हणून मी बाईंशी कडाकडा भांडले. त्यांनी हसत मीटरकडे बोट दाखवलं. आकडा एकदम खाली. सबंध शाळेत इतकी स्वच्छ हवा कुठेच नाही म्हणे.

एवढी मुलं आत बसलीत. त्यांनी सोडलेला श्वास जातो कुठे?

मंगळवार, ११

तिसरीच्या वर्गात गोंगाट नाही. ओठ निळसर पडलेत मुलांचे. जेवताना भाची म्हणाली, मावशी, तिथे आमच्या आधीच कुणीतरी श्वास घेऊन टाकतं. ताईच्या हातातला घास तसाच राहिला. उद्या हिला पाठवायचं नाही, ठरलं. पण बाकीची? तीही कुणाची तरी लेकरंच ना? बाईंना फोन केला. म्हणाल्या, अफवा पसरवाल तर घरी बसवीन.

बसवा!

बुधवार, १२

मुलांना मैदानात काढलं. ओरडून, ढकलून. परवानगी गेली खड्ड्यात. एकाला उचलूनच आणावं लागलं — बाहेर येताच रडला. रडला म्हणजे वाचला.

हातोडा घेऊन परत आत. उद्या इथे पुन्हा कुणी बसता कामा नये. फळी निघाली. काच फोडली. गजांबाहेर झाड हलतंय — वारा आत येत नाही.

दार मिटलं. कडी मी लावलेली नाही.

श्वास सोडला की आकडा उतरतो. घ्यायला जाते तर — नाहीच काही.

भिंतीला टेकून लिहितेय. बाकावर कुणीतरी — हात वर केलाय —

बाई दाराशी आल्यात. तमाशा पुरे, बाहेर या म्हणताहेत.

बाई, तुम्हीच या ना आत. या. बसा इथे. एक श्वास, फक्त एक, घेऊन दाख—