भुंड्या हातांचा आवाज

प्रिय विश्वजीत,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, लगेच फुगू नकोस. दोन वर्षांनी तुझा फोन आला आणि पहिलंच वाक्य काय, तर विशाखा, सिनेमा महोत्सवाला जायचाय, आवाजातल्या तेवढ्या बांगड्या काढून दे. लई हसले मी. माझी रेकॉर्डिंगं उचलून नेलीस, सिनेमाला लावलीस, 'ध्वनी: विश्वजीत' असं मोठ्या अक्षरांत झळकवलंस, आणि फसलास कुठं? भाकरीत! तुझी नायिका विधवा, भुंड्या हातांनी भाकर थापतेय, आणि वर खणखण बांगड्या वाजतायत. माझ्या आईच्या.

पडेगावच्या आमच्या मागच्या खोलीत, भिंतींना वाकळा टांगून, आपण तो आवाज घेतला होता. आईला बांगड्या काढायला सांगू का, असं मी विचारलं, तर तू म्हणालास, राहू दे, जिवंत वाटतं. तेव्हा तुझं सगळंच मला भारी वाटायचं, माझंच डोकं फिरलं होतं. तिच्या हातची भाकर खाऊन तिचाच आवाज पळवलास, मेल्या! आईला मी थेटरात घेऊन गेले होते. तिनं आपला हात लगेच ओळखला. शेवटी नावं सरकायला लागली तशी ती माझं नाव शोधत बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, माझीच नजर कमी झाली गं, दिसलं नाय. ते मी तुला कधीच माफ करणार नाही.

तरी काम केलं. बांगड्या उतरवायला आई लई कुरकुरली, नवरा जिता असताना भुंडे हात कसले म्हणून. शेवटी आबांनीच हसत हसत तिचा हात धरून एकेक उतरवली. मग नव्यानं थापा घेतल्या आणि मी चित्रावर बसवत गेले. तुझ्या नायिकेला भाकर येत नाही, दुसरी थाप नेहमी उशिरा पडते. आवाज जरा आधी पडला की सगळं खोटं वाटतं, म्हणून एकेक थाप तिच्या तळव्याखाली सरकवली. आता शंका घ्यायला जागा नाही.

एव्हाना पाकीट उलटं करून झटकत असशील. पेनड्राइव्ह त्यात नाही. तो मी थेट तुझ्या निर्मात्या अमृताताईंना दिला, मूळ रेकॉर्डिंगांसकट. तू प्रत्येकाची सुरुवात कापून टाकलीस, माझ्याकडं ती शाबूत आहे. दर वेळी आई ओरडते, विशाखे, पंखा बंद कर, पीठ उडतंय! ताईंनी सगळं ऐकलं. महोत्सवाची प्रत काल गेली, त्यावर ध्वनी विशाखा आणि भागूबाई, आईचंसुद्धा नाव. तुझं नाव काढलंय. ताई तुला फोन करणार होत्या. मीच म्हटलं, थांबा, हे त्याला माझ्याकडूनच कळू द्या.

तुझी नव्हे, भागूबाईचीच,
विशाखा