म्हातारे डास

३ जून

तीर्थरूप आप्पांस सा. न.

भिंतीवरचा डास किती दिवसांचा आहे हे नुसतं बघून कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंत. मला नाही सांगता येत. घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवते, हसा आता!

तुम्ही घराघरांतून पकडून पाठवलेले डास इथे प्रयोगशाळेत, फवारणीचं औषध लावलेल्या कागदावर तासभर ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळे मेलेले. औषध उत्तम आहे, असा अहवाल दिलाय. निश्चिंत राहा. आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची माया आहेच, ती असू द्या.
ताई

९ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल पोचला. औषध उत्तम आणि तरी डास, म्हणजे फवारणाऱ्यानेच औषधात पाणी वाढवलं, असं आमचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. सत्तावीस वर्षं पाठीवर पंप आहे, असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला घरी बसवलंय. तुझी आई डास सोडून माझ्यावरच फवारते आहे.

डासाचं वय विचारलं ते यासाठी, की तुला पाठवलेले डास विटक्या पंखांचे, सुस्त होते. पाण्याच्या टाकीतून नुकते निघालेले मात्र फवारलेल्या भिंतीवर बसून खुशाल उडून जातात. टाकीतल्या अळ्या बरणीतून पाठवतोय, बघ. साहेबांशी भांडू नकोस, तुझी नोकरी अजून कच्ची आहे.

तब्येत सांभाळ, पत्र टाक.
आप्पा

१२ जुलै

तीर्थरूप आप्पांस सा. न.

बरणीतल्या अळ्या वाढवल्या. चार दिवसांच्या माद्या त्याच औषधाच्या कागदावर तपासल्या, शंभरातल्या एकसष्ट जगल्या. त्यांच्याच बहिणी वीस दिवसांच्या होऊ दिल्या, तर जगल्या फक्त अकरा. वय झालं की औषध पचवायची ताकद ओसरते. म्हणून तरण्या माद्याच तपासायच्या, असा नियम आहे. मी घाईत हाताला लागतील त्या तपासल्या. तुम्ही पाहिलंत ते खरं होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, नवा अहवाल दे, जुन्याचं नाव काढू नकोस, पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय. पण मग तुमच्यावरचा पाण्याचा ठपका कोण पुसणार?

भांडले नाही, आप्पा. पहिला अहवाल चुकीचा, चूक माझी, औषध इथल्या डासांवर पुरेसं चालत नाही आणि त्या अहवालावरून फवारणाऱ्याला दोष देता येणार नाही, असं सहीनिशी लिहिलं. आज सकाळी इथल्या कचेरीत तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून पोच घेऊन आले.

रागावा हवं तर, पण लोभ कमी करू नका.
तुमची ताई