न मोजलेली कॉइल

तीर्थरूप मामा,

काल दुपारी एक गाडी दुरुस्त केली आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन नाही, म्हणून हे लिहितोय. समोर बसून बोलायला चार वर्षं होती. तेव्हा बोललो नाही. फाल्गुनात तुम्ही गेलात.

गाडी वरवंडच्या एका मास्तरांची. तक्रार अशी, की सकाळी एसी गार, दुपारी बंद. मला सगळं क्रमानं सांगितल्याशिवाय जमत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. करंट पुरा येत होता. कॉइल मोजली, तीन पॉइंट सहा ओहम, निर्दोष. बेल्टवर पुली फिरत होती, पण कॉइलनं जी प्लेट ओढून पुलीला चिकटवायची, ती जागची हलत नव्हती. दोघींमधल्या फटीत गेज घातलं. अर्ध्या मिलीमीटरच्या जागी एक मिलीमीटर भरली. झिजून झिजून फट वाढलेली, आणि कॉइल तापली की तिची ओढ तिथवर पोचेना. खात्रीसाठी हातोडीचा लाकडी दांडा चालू इंजिनात प्लेटला हळूच टेकवला. टक्. प्लेट चिकटली, गाडीत गार वारा सुरू झाला.

आणि मी डावीकडे बघितलं. उजेड अडू नये म्हणून तुम्ही नेहमी डावीकडे उभे राहायचात ना? अजून त्या बाजूला मी कुणाला उभं राहू देत नाही.

दौंड स्टेशनात उभ्या गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारून, नुसत्या आवाजावरून तडा ओळखण्यात तुमची सारी नोकरी सरली. रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आलात, तेव्हापासून माझ्या वर्कशॉपात येऊन बसायचात. मला ते आवडायचं का? खरं सांगतो, नाही. जुने कंप्रेसर फोडून, पुस्तकं वाचून मी एकट्यानं हे काम शिकलो. मी कुणाचा चेला नाही, हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय माझा दिवस जात नसे. आणि तुम्ही शेजारी उभे राहून कान लावायचात.

शिरूरच्या वकीलसाहेबांची पांढरी गाडी आठवते? तिचंही हेच दुखणं. मी सकाळी मीटर लावून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, गार इंजनात काय घावणार? तापू द्या की जरा." इंजिन तापलं, एसी बंद पडला, आणि मी थांबा म्हणायच्या आत तुम्ही दांडा टेकवला. एसी सुरू.

वकीलसाहेब दचकले. "अहो आजोबा, ही काय मालगाडी हाय व्हय?"

"मालगाडी न्हाई साहेब, पर लोखंड त्येच की."

तेव्हा आपण तिघंही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवरून त्यांचा फोन आला, एसी आता लागतच नाही. गाडी परत आली. करंट येतोय, प्लेट ओढत नाही, एवढं बघितलं आणि वकीलसाहेबांच्या देखत बोललो, "मामांनी ठोकलं. कॉइल गेली."

मामा, मी नट आवळला तरी दोनदा तपासतो. त्या दिवशी कॉइलला मीटर लावलंच नाही. दोषी आधीच सापडला होता, मग मोजायचं कशाला? कॉइल, प्लेट, पुली असा अख्खा क्लच नवा बसवला. नव्याची फट बरोबर, एसी चालला आणि माझं म्हणणं खरं ठरलं.

जुना क्लच मी भिंतीवर खिळ्याला टांगला. येईल त्याला दाखवायचो, "ही रेल्वेची दुरुस्ती." तुम्ही ते दोनदा तरी ऐकलंत. एकदा त्याच्याकडे बघून म्हणालात, "पाव्हणं, म्या निस्ता टेकवला हुता वं."

"असू द्या, मामा," मी म्हणालो. म्हणजे मी तुम्हाला माफ केलं. मी, तुम्हाला.

त्याच संध्याकाळी अलका, तुमचीच मुलगी, तुम्हाला म्हणाली, "आप्पा, उद्यापासून वर्कशॉपात नगा जाऊ. ह्यांचं नाव खराब हुतंय." तुम्ही "बरं, बाई" म्हणालात आणि पुढची चार वर्षं ओट्यावर बसून काढलीत. का नाही भांडलात? "मीटर लावून दाव" एवढं एकदा म्हणायचं होतं. की मुलीच्या नवऱ्याचा पाणउतारा नको, म्हणून गप्प राहिलात?

काल तो क्लच खिळ्यावरून उतरवला, पुसला, मीटर लावलं. तीन पॉइंट सात. बॅटरी जोडून प्लेट जवळ धरली, तर बोट चिमटेल अशी खेचली. त्या कॉइलला काहीच झालं नव्हतं; तिथंही झिजून फटच वाढली होती. दुकानाचं शटर मी दिवसाउजेडीच ओढलं.

तुम्ही गेल्यापासून सकाळी स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा वाजतो. पाणी किती उरलंय बघायला तुम्ही टिचकी मारायचात, त्याच वेळेला. अलका म्हणते, आप्पा आले. मी तिला आजवर धातू तापतो, निवतो, आवाज करतो असं समजावत आलो. आज मी हंड्याशेजारीच उभा होतो. वाजला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच समजावलं नाही.

आता अडलंय ते तिच्यापाशी. "आप्पांना अडवलं ते बरं केलं, न्हाईतर अजून कायतरी मोडून बसले असते," असं ती अजून म्हणते. त्या एका वाक्यावर तिनं तुमची ती चार वर्षं पेलली आहेत. ते मी काढून घेतलं, तर तिच्या हातात काय उरेल? आणि नाही काढलं, तर तुम्ही कायमचे मोडतोड करणारे म्हातारे राहाल. काल घरी येऊन मी जेवलो आणि गप्प बसलो.

आज तसं करणार नाही. जेवायच्या आधी सांगेन, ताटावर बसलो की माझी जीभ जड होते. मी न मोजता बोललो, आणि तिनं माझ्या शब्दावर तुम्हाला अडवलं, म्हणून तो दोष तिचा नाही, हे तिला समजेपर्यंत सांगेन. रविवारी शिरूरला जाऊन वकीलसाहेबांनाही सांगेन. अलका रडेल, कदाचित माझ्याशी बोलणार नाही. ते मी सोसेन. पण तिच्या बापाचा हात आणि कान शेवटपर्यंत शाबूत होते, हे ती आज माझ्या तोंडून ऐकेल. हा माझा शब्द.

तुमचा जावई,
दत्तात्रय