खालच्या खोलीची किल्ली

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला मधेच तोडतोस, पत्राला तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, हसू नकोस. मागची बाजू कोरी असताना नवा कागद घेणं माझ्याच्यानं होत नाही. घरी सगळं ठीक. सासूबाईंचं अंथरूण अजून पुढच्या खोलीतच आहे. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून माझ्या फोडणीत लक्ष घालतात, तेवढा एक त्रास सोडला तर देवाची कृपा आहे.

मागच्या खेपेला तू आलास तेव्हा चपलांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर एक बाई बसलेल्या पाहिल्या होत्यास. कसं गबाळं वातावरण झालंय गल्लीचं, असं तू म्हणाला होतास, आणि मीही मान डोलावली होती. आम्ही सगळे त्यांना पायरीवाल्या बाई म्हणायचो. कुठून आल्या, काय झालं, कुणी विचारलं नाही. विचारलं की गळ्यात पडतील अशी भीती. चपलांच्या दुकानवाल्याने तर युक्ती काढली होती. दुकान बंद करताना बादलीभर पाणी पायऱ्यांवर ओतून जायचा, म्हणजे तिथं कुणी झोपू नये. त्या पाणी सुकेपर्यंत उभ्या राहायच्या आणि मग झोपायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि पोथी उघडायचे.

मग एक दिवस गल्लीने मिळून कचेरीत अर्ज दिला. सतरा सह्या. गाडी आली, बाईंना हलवलं आणि त्यांचं बोचकं कचऱ्याबरोबर गेलं. बोचक्यात एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत त्यांची सगळी कागदपत्रं. हे आम्हाला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई त्याच पायरीवर, पण हात रिकामे. त्या दिवशी दुकानवाल्याने बादली भरली आणि तशीच मोरीत ओतली. आता काय धुऊन काढायचंय त्यांचं, असं आपल्याशीच पुटपुटला.

त्यानंतर गल्लीला दयेचा जो पान्हा फुटला, तो विचारू नकोस. नऊ घरांतून जेवण, तेही सगळ्यांचं एकाच वेळी, आणि संध्याकाळी काही नाही. पाच शाली आल्या. मी जुनं पातळ नेऊन दिलं. आठ दिवसांत पुन्हा एवढं मोठं गाठोडं झालं, आणि त्यावर पहारा देता देता बाईंना जागचं हलता येईना. शेवटी औषधांच्या दुकानवाल्याने सगळ्यांना गोळा करून खडसावलं की तुम्ही सगळे देताय, पण बाईंना काय हवंय ते कुणी विचारलंय का? त्याला त्याच्याकडच्या गिऱ्हाइकाची सवय ना, आधी दुखतंय कुठं ते विचारायचं! बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. कुलूप लागेल असं एक कपाट आणि पत्र येईल असा एक पत्ता.

तेव्हा कळलं की त्या मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. राहायची खोली नोकरीबरोबर मिळालेली. वसतिगृह बंद पडलं, नोकरी गेली आणि त्याच दिवशी खोलीही गेली. पुढे काम मागायला गेलं की पत्ता विचारतात, आणि पत्ता हवा तर आधी काम हवं. आता याला काय म्हणायचं तूच सांग.

औषधवाल्याने आपल्या मागच्या खोलीतलं एक कपाट दिलं. पत्ता कोण देणार म्हटल्यावर सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी हात वर केला. भावोजी घरी आल्यावर म्हणाले, बाईंवर एवढी मेहरबानी, आणि आम्हाला विचारायचंही नाही? पण हरवलेल्या कागदांसाठी बाईंबरोबर कचेरीच्या चार खेपा त्यांनीच घातल्या. लाँड्रीवाल्याने घड्या घालायचं काम दिलं आणि दुकानातच झोपायची सोय केली. तुला आश्चर्य वाटेल, पण चपलांच्या दुकानवाल्याने आता पायरीशी लाकडी बाक टाकलाय. कुणीही बसावं. तरी गल्लीत कुरकुर आहेच. आज एकीला बसवलं, उद्या दहा येतील, म्हणतात. मी म्हणते, येतील तेव्हा बघू, आलेली तर एकच आहे.

चार महिने हे सुरळीत चाललं. आता लाँड्रीवाला पहिल्या तारखेला मोठ्या जागेत जातोय. बाईंचं काम टिकणार आहे, पण तिथं रात्रंदिवस यंत्रं चालणार, झोपायला जागा नाही. म्हणजे पुन्हा पायरी. आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंच्या खाटेनंतर उशी ठेवायला जागा नाही, हे तू बघितलंयस. आणि याच इमारतीतली आपल्या बाबांची खालची खोली सहा वर्षं कुलुपात आहे. आत तुझी मोडकी सायकल, खोकी आणि उंदीर. हा विषय मी फोनवर काढला तेव्हा तू म्हणालास, ताई, एवढी माया आलीय तर तुझ्या देवघरात ठेव, भाडेकरू शिरला की निघत नाही. माझ्या देवघरात फक्त देव मावतात, बाबा. बाई भाडं देणार आहेत, फुकट नको हे त्यांनीच बजावून सांगितलंय. मला तर हेच हवंय की ती खोली कुणाच्या नोकरीवर टांगलेली नसावी. उद्या लाँड्री सुटली तरी छप्पर सुटू नये.

आता तुला न सांगितलेलं सांगते. तो अर्ज मी लिहिला होता. मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, घरची वही नीट ठेवते, म्हणून गल्लीचं लिखाण माझ्याकडेच येतं. 'स्वच्छतेस बाधा' हे शब्द माझे आणि पहिली सही माझी. चार महिने त्या बाई रोज दुपारी माझ्याकडे चहा घेतात आणि मला ते बोलायचं धैर्य झालं नव्हतं. काल बोलले. देवासमोर बसून बोलले, म्हणजे माघार घेता येणार नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे मला. गाडीवाल्याने कागद दाखवला होता, त्यावर तुमच्या घराचा नंबर होता. मी विचारलं, मग माझ्याकडचा चहा कसा घशाखाली उतरला? तर म्हणाल्या, चहा तुम्ही चांगला करता. आणि कप विसळायला उठल्या. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. तेवढं झालं असतं तर मी सुटले असते. खोली आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि किल्ली तुझ्याकडे. कुलूपवाला इथं कोपऱ्यावरच बसतो, पण भावाच्या पाठीमागे त्याचं कुलूप फोडायचं नाही, एवढं मला कळतं. किल्ली पाठव. नाही पाठवायची असेल तर तसं बाईंना समोर येऊन सांग. मला ते जमणार नाही.

तुझीच,
ताई