घरच्या बाईची पहिली काठी

३ एप्रिल, गुरुवार

पुरुषाने मंडळाच्या धाडीस जाऊ नये, असा दंडक आहे. तथापि महिला मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम बायांनी मजवर सोपविले आहे, आणि न पाहिलेले लिहिणे मला मान्य नाही. तसे अध्यक्षांस कळविले. अध्यक्ष म्हणजे माझी सून पुनम. म्हणाली, "या मामाजी. पन मधात पडू नोका."

४ एप्रिल, शुक्रवार

इतिहासाचा आरंभ केला. मंडळ स्थापिले माझी कालकथित पत्नी बायनाबाई हिने. या बायांनी शाळेची विहीर उपसली, अडलेल्या बाळंतिणींना खाटेवर घालून वडशाच्या दवाखान्यात पोहोचविले. परंतु मंडळ ओळखले जाते ते दारूवरील धाडींमुळे. बायनाबाईचा नियम आजही मोडत नाहीत — ज्या घरचा माल, त्या घरच्या बाईने पहिली काठी मारावयाची. आणि त्या घराने स्वतः नाव सांगेपर्यंत इतरांनी तोंड उघडावयाचे नाही. घराला आपली मान आपण उचलता यावी, हा हेतू. मला हा नियम सदैव योग्य वाटला आहे.

६ एप्रिल, रविवार

नाल्याकाठी पळसाखाली मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबविलेली मोहफुले, पुरलेला सापडला. शेजारी भट्टी पेटलेली. तीवरील जर्मनचा गंज, ते मोठे पातेले, आमच्या घरचा होता. मी ओळखला. पुनमनेही ओळखला.

बाया थांबल्या. सोमारीबाई वयाने वडील, त्या म्हणाल्या, "पुनम, तुयाच घरचा हाय. मार."

तिने मारले. उकळता सडवा तिच्या पायांवर सांडला, तरी ती मारीतच राहिली. तोच झुडपांतून खुशाल निघाला — माझा मुलगा, पुनमचा नवरा. हातात कुऱ्हाड. घाव पुनमवर होता. सोमारीबाई मध्ये आल्या. कुऱ्हाडीची बोथट बाजू त्यांच्या कानशिलावर बसली. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला.

मग बाया त्याच्यावर तुटून पडल्या. त्याचे दात वाळूत पडलेले मी पाहिले. सर्वांत जोराची काठी पुनमची होती. तो रक्ताळल्या तोंडाने नाला ओलांडून पळाला.

मी मध्ये पडलो नाही. सांगितल्याप्रमाणे उभा राहिलो.

७ एप्रिल, सोमवार

सोमारीबाई दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत. पोलीस येऊन गेले. एकही बाई बोलली नाही. साऱ्या पुनमकडे पाहत होत्या. पुनम म्हणाली, "गर्दीत दिसलं नाई, साहेब."

मला कोणी विचारले नाही. म्हाताऱ्यास काय दिसणार, असे त्यांना वाटले असावे.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी खुशाल घरात शिरला. मी परसात खाटेवर होतो. निजलो आहे, असा त्याचा समज.

"नाव घेतलंस त आधी बुड्याले तोडतो. मंग तुले."

"मले तोड. त्याहिले हात लावू नोको."

त्याने तिचे केस धरून डोके भिंतीवर आपटले. पुन्हा आपटले. मी आत जाऊन मुसळ उचलले आणि त्याच्या पाठीत घातले. तो वळला, दात पडलेल्या तोंडाने हसला. "बाबा, मुसळ बायाहिचं काम होय. तुमी इतिहास लिवा." मग माझे उजवे मनगट पिरगाळले व निघून गेला.

हे डाव्या हाताने लिहिले आहे. अक्षर वाईट आहे.

पुनमला म्हटले, नाव सांगून टाक. ती म्हणाली, "तुमाले मारंन तो, मामाजी. म्या आयकलं ना."

९ एप्रिल, बुधवार

सोमारीबाई गेल्या.

आता बायनाबाईच्या नियमाने आमच्याच घराला बोलणे भाग आहे. पुनम दिवसभर चुलीपुढे बसून होती. चूल पेटविली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी ठाण्यात गेलो. पुनम माझ्याआधी तेथे पोहोचली होती. जबाबही देऊन झाला होता — गर्दीत घाव तिच्याच काठीचा लागला, दुसरे कोणी नव्हते.

मी उभा राहून सांगितले — घाव कुऱ्हाडीचा, मारणारा खुशाल. साहेबांनी त्याच्या बापाचे नाव विचारले. मी माझे सांगितले.

"आजोबा, मग तुम्हा दोघांत खोटं कोण बोलतंय?"

माझी सून, असे मी म्हणालो.