गालावरची जाळी

रविवार

लिहीन लिहीन म्हणत ही वही इतके दिवस पिशवीतच लोळत होती. ताईनं निघताना दिली होती. म्हणाली, भिंगऱ्या, तू कुठे टिकत नाहीस, निदान कुठून पळालास ते तरी लिहून ठेव.

तर ताई, टिकलोय! काचभट्टीवर काम आहे, माळ्यावर खोली, जेवण मालकांच्या घरात. मालक, मालकीणबाई आणि त्यांचा मुलगा. मालक त्याला चिरंजीव म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. माझ्याच वयाचा, माझ्याच उंचीचा. तिघांच्याही गालांवर लाल, केसाएवढ्या शिरांची जाळी आहे, नाकापासून कानाकडे फाटे फुटत गेलेली. मी टक लावून बघत होतो तर मालक हसले. भट्टीनं काढलेली नक्षी आहे म्हणाले, फुकट.

आज काच फुंकली. व्हायची होती बाटली, झाला भोपळा. चिरंजीव बिचारा कधी गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे गेलेला नाही म्हणे! त्याला समुद्र सांगितला, आगगाडी सांगितली, तुझ्याबद्दल सांगितलं, तू मला काय म्हणतेस तेही. माझं तोंड एकदा सुरू झालं की तुला माहीत आहेच.

गुरुवार

दाढी करताना नाकाजवळ एक लाल रेघ दिसली. पुसली, जाईना. मालकीणबाईंनी हनुवटी धरून पाहिलं आणि लाडानं म्हणाल्या, लागला की रे घरचा रंग.

मंगळवार

एकीच्या दहा झाल्या. डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा पोपट घेऊन बसला होता, ते नंतर लिहीन. बाई म्हणाल्या, कातडीखालच्या बारीक शिरा फुगतात. उन्हानं, धगीनं, दारूनं, यकृत बिघडल्यानं, गोरं व्हायची भलती मलमं चोळल्यानं, वयानं. काही घराण्यांत तर त्या रक्तातच असतात. मी म्हटलं, दारू नाही, मलम नाही, वय तर अजून यायचंय. त्यांनी गालावर काचेची पट्टी दाबली. लाली पुसली गेली. पट्टी काढली, पुन्हा भरली. सहसा धोका नसतो म्हणाल्या, पण नुसत्या धगीनं इतक्या लवकर होत नाही. मग विचारलं, घरात कुणाला आहे? आमच्याकडे कुणालाच नाही.

बाई गोंधळल्या. भट्टीवाल्यांच्या घरी तपासायला जाते, त्यांच्या मुलाला अगदी अशीच आहे, फाट्याला फाटा जुळतो, म्हणाल्या. तुम्ही भाऊच ना?

बुधवार

जेवताना गंमत म्हणून काचेचा तुकडा गालावर दाबून दाखवला. माझी लाली गेली. समोर चिरंजीवाचा गाल भडकला. तुकडा काढला, तो फिका पडला.

मालकीणबाईंनी मला न विचारता आणखी वाढलं.

मग चिरंजीवानं तुकडा मागितला आणि स्वतःच्या गालावर दाबून धरला. किती वेळ! माझ्या चेहऱ्यात उकळतं काहीतरी शिरत होतं. त्यानं तुकडा काढला तेव्हा त्याचा गाल कोरा होता. पुन्हा भरलाच नाही.

शुक्रवार

पळालो. पिशवी घेतली, सरळ चालत सुटलो. गल्लीच्या कोपऱ्यावर चेहरा गार पडला, तिथेच कोसळलो. रांगत मागे वळलो तशी ऊब आली. मालकीणबाई दार उघडून उभ्याच होत्या. म्हणाल्या, चिरंजीवही लहानपणी तिथेच पडायचा. होते सवय.

सोमवार

तो रोज बाहेर जातो. शीळ घालत येतो. माझी शीळ. आरशात मी नाही. नाक त्याचं, गाल त्याचे — मालकांनी मला हाक मारली, चिरंजीव. आणि मी ओ दिली. तोंडातून आपोआप —

शनिवार

ताई आलीये! खाली, दारात. मी पत्ता कळवलाच नव्हता — मग कुणी —

धावत उतरलो. ती त्याच्या गळ्यात पडली होती. किती वाळलास रे भिंगऱ्या, म्हणत होती. त्याला. मी ताई म्हणून ओरडलो. तिनं माझ्या गालांकडे पाहिलं, जरा दचकली, मग हसून त्याला विचारलं, हेच ना मालकांचे चिरंजीव?

मालकांनी मला वर आणून सोडलंय. ती दोघं आत्ताच निघणार. ताई, हे अक्षर बघ, अक्षर तरी ओळख, ही वही खिडकीतून तुझ्याकडे —

जिना वाजतोय. तो तिला खालीच थांब म्हणतोय, माझ्या आवाजात. वर त्याची वही राहिली आहे म्ह